तिसऱ्या हाकेची वाट

खर्डीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला एक पाडा आहे. तिथं भिमी राहते. पंचेचाळिशीची बाई, तोंडानं भारी फटकळ. पण दिवस मावळायला लागला की तिची बोलती बंद. सव्वीस वर्षं हे असंच चाललंय.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. नवरा विठू घराच्या कुडाला कारवीच्या काठ्या तोडायला रानात गेलेला. तिन्हीसांजेला रानाच्या कडेनं हाक आली, "भिमेऽ!" आता पाड्यावरची रीत अशी, की या वेळेच्या हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ द्यायची नाही. चकवा आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतो म्हणतात. भिमी चुलीपाशी गप्प बसली. दुसरी हाक आली. तिसरीसाठी तिनं जीव कानांत आणला, पण ती आलीच नाही. विठूही आला नाही.

त्याच वेळी डोंगरावर पांढरा उजेड थांबलेला चौघांनी पाहिला होता. कुणी म्हणालं, चकव्यानं नेला. कुणी म्हणालं, उजेडानं उचलला. भिमीला त्याचं काही नव्हतं. ती हाक विठूचीच असली तर, एवढंच तिला खात राहिलं.

गेल्या वर्षी विद्यापीठातून सारिकाताई आली. आकाशातल्या कुणीतरी माणसं उचलून नेली असं सांगणाऱ्या लोकांवर तिचं संशोधन. दोन दिवस ती भिमीच्या ओट्यावर बसून ऐकत होती, एकदाही हसली नाही. नंतर तिनं निबंधात लिहिलं, उजेड कसला ते सांगता येत नाही. पण ज्याचं माणूस परतही येत नाही आणि मेलेलंही सापडत नाही, त्याला अशा गोष्टीचा आधार लागतो.

हे एका चॅनेलवाल्यानं वाचलं. वाचलं कसलं, चाळलं! गाडी घेऊन हजर झाला. भिमीनं अट घातली, "टीवी लांब लांब दिसतो ना? मंग मला एक गोष्ट बोलू द्या." ठेवणीतलं लुगडं नेसून ती कॅमेऱ्यापुढं उभी राहिली आणि पोटातून ओरडली, "ओऽऽ! आयकली रे तुझी हाक! घरी ये!"

बातमी लागली तेव्हा सगळा पाडा शेजारच्या गंगीकडं जमला. 'परग्रहवासीयांनी पळवला नवरा! विद्यापीठाचंही शिक्कामोर्तब!' हिरवे बाहुले नाचले, तबकडी गरगरली. भिमी नुसती डोळे पुसताना दिसली. तिची ओ कुठंच नव्हती. कापली मेल्यांनी!

सारिकाताईचा फोन आला. ती संतापलेली. चॅनेलला खरमरीत पत्र लिहिते म्हणाली. "लिव गो बाय," भिमी म्हणाली, "पन माझं सांगणं माझ्या मानसापर्यंत नाय गेलं."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला भिमी चूल तशीच टाकून उठली. इतक्या वर्षांत या वेळी ती रानाच्या कडेला फिरकली नव्हती. तिथं जाऊन उभी राहिली आणि तिनं ओ दिली. पुन्हा दिली. आवाज फाटला तरी थांबेना.

गंगी धावत आली. "कोनाला ओ देतंस गो? कोन हाक मारतोय?"

"मारली व्हती," भिमी म्हणाली. "दोनदा मारली व्हती."