पाच फोन

तीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात काढलेल्या सिस्टरना पू, चिपडं, रक्त कशाचीच किळस येत नसे. पण चौथ्या पलंगावरची बाई आली आणि त्यांचं डोकंच फिरलं.

बाई शहरबस चालवायची. चष्म्यावर वाफ धरते म्हणून एका खासगी क्लिनिकात नंबर घालवायचं लेसर करून घेतलं. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, ठणकायला लागला, उजेड सोसेना. तिने क्लिनिकला फोन केला. पलीकडची मुलगी साखरेत घोळून बोलली, की हे नॉर्मल आहे, सूज उतरवायचे थेंब चालूच ठेवा. आठ दिवसांत पाच फोन, पाचही वेळा तेच. त्या थेंबांनी डोळ्याची प्रतिकारशक्तीच दबली आणि आतल्या जंतूंचं चांगलंच फावलं! बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पू साचला, तेव्हा ती या वॉर्डात आली. इथल्या डॉक्टरांनी लेसरच्या वेळी कापलेला पापुद्रा उचलून खालचं खरवडलं, औषधाने धुतलं, जुने थेंब बंद केले. नवे थेंब दर तासाला, आणि ते सिस्टर घालायच्या. फार झोंबायचे. बाई पलंगाची दांडी धरून एवढंच विचारायची, पुन्हा बस चालवता येईल ना?

सिस्टर काय सांगणार, कप्पाळ! बाईच्या कार्डावरचं क्लिनिकचं नाव त्यांनी वाचलं होतं. तिथला फोन त्यांची पोटची लेकच उचलायची. घरी तिला फैलावर घेतलं, तर म्हणे डॉक्टरांना फोन द्यायचा नाही अशी ताकीद आहे, कागदावर लिहिलंय तेवढंच वाचायचं. सिस्टरना शिसारी आली. क्लिनिकची तर आलीच, पण खरं सांगायचं तर लेकीचीही.

वॉर्डातल्या पंधराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला, पण मधोमध पांढरा डाग राहणार, बस चालवणं आता विसरा. त्याच दुपारी सिस्टरनी लेकीला वॉर्डात आणून पलंगापाशी उभं केलं.

लेक हळूच म्हणाली, "माझं चुकलं, ताई. मी ती नोकरी सोडली."

आवाज ओळखून बाईने मान वळवली.

"मग आता तिथला फोन कोण उचलतं?"

"नवीन मुलगी आहे."

"तिला कामाचं कोणी शिकवलं?"

लेकीने खाली पाहिलं. "मीच," ती म्हणाली.