स्वयंपाकघरातले व्याख्यान

संस्थेत त्यांना सगळे टाचणीसर म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण हे त्यांना ठाऊक होते, कारण पाठीमागे काय चालते याचा छडा लावणे हे काम त्यांनी जन्मभर जोडधंद्यासारखे केले होते. शर्टाच्या खिशाच्या काठावर ओळीने सहा टाचण्या खोचलेल्या असत. विद्यार्थ्याचे कागद ते स्वतः टाचत, डाव्या कोपऱ्यापासून बरोबर दोन बोटांवर. दुसऱ्या कोणी कागद सोडवून पुन्हा टाचले, तर जागा हुकणार आणि चोर सापडणार. एकोणीस वर्षांत चोर एकही सापडला नव्हता. यावरून त्यांनी एवढेच ताडले होते की चोर हुशार आहेत.

ते शिकवत इंजिनिअरिंग ड्रॉइंग. ज्या इंजिनिअरिंगचे सगळे शिक्षण जर्मनमधून होते, त्यासाठी देशोदेशींच्या मुलामुलींना वर्षभरात तयार करायचे, हे संस्थेचे काम. मुले गणितात पक्की असत. पण प्राध्यापक जर्मनमधून बोलू लागला की गोंधळत. म्हणून शेवटच्या परीक्षेत व्याख्यानाचा पेपर असे. एक जण माइकपुढे उभा राहून तांत्रिक विषयावरचे व्याख्यान दोनदा वाचायचा. मुले पिवळ्या कागदावर टिपणे काढायची आणि मग पांढऱ्या कागदावर उत्तरे लिहायची. व्याख्यान बारा मिनिटांचे म्हणजे बारा मिनिटांचेच. अर्धे मिनिट कमी-जास्त झाले तरी परीक्षा मंडळ पेपर रद्द करी.

एकोणीस वर्षे हे व्याख्यान टाचणीसर रचत आणि टाचणीसरच वाचत. वेळ एकदाही चुकली नव्हती. याचा त्यांना इतका अभिमान होता की घरी पाहुणे आले, तर बोलता बोलता विषय बरोबर तिथे यायचा.

यंदाचा विषय होता, हादरे बसले की नट सैल का होतो. मजकुराची एकुलती एक प्रत संस्थेतल्या लोखंडी कपाटात होती. कपाटाच्या दोन किल्ल्या. एक सरांच्या करगोट्याला म्हणावी इतकी अंगाशी, दुसरी गणिताच्या सरांकडे, म्हणजे गणितवाल्यांकडे, कारण फळ्यावर वापरायचा त्यांचा मोठा कंपास खालच्या कप्प्यात असे. ही दुसरी किल्ली सरांच्या डोळ्यांत सलत होती. म्हणून कपाट लावताना ते दाराच्या फटीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवून ठेवत.

परीक्षा सुरळीत पार पडली. एकतीस मुले, दोन वाचने, घड्याळात दोन्ही वेळा बारा मिनिटे. दुसऱ्या दिवशी सर तपासायला बसले आणि सतराव्या गठ्ठ्याशी त्यांचा हात थबकला. पांढरा कागद काठोकाठ भरलेला, उत्तरे बिनचूक. आणि मागचा पिवळा कागद कोरा. अक्षर नाही, रेघ नाही, बोटाचा डागसुद्धा नाही. टिपण न काढता बारा मिनिटांचे व्याख्यान डोक्यात ठेवणारे माणूस त्यांनी अजून पाहिले नव्हते.

मग पाचवा प्रश्न आला. व्याख्यानात दिलेले उदाहरण लिहा. आधीच्या सोळांनी लिहिले होते, बसच्या सीटचा नट. या एकीने लिहिले होते, शिलाई मशीन.

सरांनी पेन खाली ठेवले. शिलाई मशीनचे उदाहरण त्यांनी खरोखरच योजले होते. फार घरगुती वाटले म्हणून परीक्षेआधी दोन दिवस त्यांनी ते बदलले. परीक्षेच्या हॉलमध्ये ते उच्चारलेदेखील नव्हते. म्हणजे या मुलीने जुना मसुदा पाहिला होता. कपाटातला.

ती दुसऱ्या तुकडीतली. शेवटच्या बाकावर बसायची, प्रश्न विचारला की खाली बघायची. हाताच्या मागच्या बाजूला भाजल्याचे दोन डाग. सरांना ते डागही आता संशयास्पद वाटू लागले.

संचालिकाबाईंनी तिला बोलावून घेतले. सर कोपऱ्यात खुर्ची ओढून बसले.

"टिपणं का नाही काढलीस?" बाईंनी विचारले.

"गरज नव्हती, मॅडम. मला ते पाठच होतं."

सर खुर्चीतून अर्धे उठले. "बघा! कबूल करते आहे!"

"तुम्ही बसा हो. पाठ कसं होतं, बाळ?"

"रेडिओवर ऐकलं होतं. रोज संध्याकाळी लागायचं. पहिलं वाक्य ऐकल्यावर वाटलं, हे तर तेच. मग पुढचं मी नीट ऐकलंच नाही."

"रेडिओवर? नट-बोल्ट?" सर म्हणाले. "रोज? आणि गाणी कधी लागतात म्हणे?"

"गाणी नाही लागत. नुसतं तेच लागतं."

"मग तेव्हाच हात वर करून का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारले.

"हात वर केला तर पेपर काढून घेणार, असं सरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं."

हा नियम सरांनीच घातला होता. मुलगी गेल्यावर बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "शुक्रवारी दहाला मंडळाची बैठक आहे. पेपर फुटला असं ठरलं तर तिचं नाव कमी होणार. नाव कमी झालं की इथं राहायचा परवानाही संपला. महिनाअखेर घरी. पोरीने एवढं वर्ष घातलंय. तुम्ही लेखी काय ते द्या, पण खात्री करून द्या."

"खात्री आहेच. फक्त आतलं कोण सामील आहे तेवढं शोधायचंय."

आतले कोण, याबद्दलही त्यांचे मत तयार होते. गणितवाले चहा पीत बसले होते. सर जाऊन समोर उभे राहिले.

"तुमची किल्ली या महिन्यात कोणाच्या हातात होती?"

गणितवाल्यांनी बशी खाली ठेवली. "मास्तर, मला ती किल्ली कुठे आहे हेच गेल्या महिन्यापासून माहीत नाही. मी फळ्यावर दोरी धरून वर्तुळं काढतोय."

"म्हणजे हरवली? आणि कळवलं नाहीत?"

"तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही माझ्या बायकोचा जबाब घेतला असता."

"वेळ आली तर तोही घेऊ."

"घ्या की. तिला तरी कोणीतरी ऐकून घेणारं हवंच आहे," असे हसत म्हणून त्यांनी उरलेला चहा संपवला. हसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे सरांचे जुने मत होते. ते आणखी घट्ट झाले.

आता पुरावा म्हणून जुना मसुदा बाईंपुढे ठेवायचा, एवढेच उरले होते. सर कपाटाशी गेले. फटीतली पट्टी जागच्या जागी होती. ज्याने चोरी केली त्याने पट्टीही परत लावली, असे म्हणत त्यांनी दार उघडले. फाइलमध्ये सहा पाने होती, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेली. चौथ्या पानावर बसची सीट. त्यांनी पाने पुढून पाहिली, मागून पाहिली, फाइल झटकली. शिलाई मशीन कुठेच नव्हते.

ते तिथेच स्टुलावर बसले. हळूहळू त्यांना आठवले की जुना मसुदा असा नव्हताच. त्यांची पद्धत वेगळी होती. व्याख्यान ते आधी तोंडाने रचत, हातात घड्याळ घेऊन, पुन्हा पुन्हा म्हणत. वाक्य लांबले की छाटत, कमी पडले की वाढवत. बारा मिनिटांत बसले की मग परीक्षेच्या आदल्या दिवशी संस्थेत येऊन एकदाच कागदावर उतरवत. त्याआधी ते फक्त त्यांच्या डोक्यात असे. मग डोक्यातले शिलाई मशीन त्या पोरीने चोरले कसे?

घरी आले तरी चेहरा तसाच. बायको ओट्याशी भांडी पुसत होती.

"अहो, एवढं काय झालं? कोणी टाचणी चोरली का?"

"थट्टा नको. कोणीतरी माझ्या डोक्यातलं चोरलंय."

"मग फार काही गेलं नसेल," ती म्हणाली, आणि ताट पुसता पुसता सहज, एखादी जुनी ओळ गुणगुणावी तशी, तिने एक लांबलचक वाक्य म्हटले. जर्मनमध्ये. व्याख्यानाचे पहिले वाक्य, जिथे श्वास घ्यायचा तिथे श्वास घेऊन.

सरांच्या हातातली पिशवी खाली पडली. "हे तुला कुठून आलं? तुला तर जर्मनचा गंध नाही!"

"गंध कशाला लागतो? महिनाभर रोज संध्याकाळी सहाला माझ्या स्वयंपाकघरात येरझारा घालून हेच तर म्हणत होतात. मधे मधे माझ्या मशीनवर थाप मारायचात. त्याचा नट खरंच सैल आहे, तो मात्र आवळला नाहीत."

खिडकीशी तिचे शिलाई मशीन होते. खिडकी उघडी होती, ती नेहमीच उघडी असे, नाहीतर वाफ कोंडते. सरांनी बाहेर डोके काढले. खाली अंगणापलीकडे लाँड्रीचे मागचे दार. दारातून पांढरी वाफ येत होती आणि वाफेत एक हात इस्त्री फिरवत होता. हाताच्या मागच्या बाजूला दोन डाग.

दुसरा कोणी असता तर त्याला एवढे पुरे झाले असते. सरांना पुरले नाही. उलट त्यांना नवीच शंका आली. खालून ऐकू येते कशावरून? पोरीने इथे काम धरले आणि नंतर गोष्ट रचली, असेही असू शकेल.

"अगं, तू इथे खिडकीशी उभी राहा. मी खाली जातो. रुमाल हलवला की म्हणायला लाग. नेहमीच्या आवाजात."

"तुमच्या की माझ्या?"

"माझ्या."

"म्हणजे ओरडूनच की," ती म्हणाली आणि पदर खोचून उभी राहिली.

सर लाँड्रीच्या मागच्या दाराआड, कपड्यांच्या रांगेमागे जाऊन उभे राहिले. मोठे यंत्र घरघरत होते. त्यांनी रुमाल हलवला. वरून शब्द न् शब्द स्वच्छ आला, पण त्या घरघरीत आवाज बायकोचा वाटेना, कुठेतरी रेडिओ लावल्यासारखा वाटत होता. पहिले वाक्य झाले, दुसरे झाले, तिसऱ्याला ती अडकली. तिला पुढचे येत नव्हते.

पण इस्त्री थांबली नाही. मुलगी मान खाली घालून, इस्त्रीच्या तालावर, पुढचे पुटपुटत होती. चौथे वाक्य, पाचवे, घर्षण, आटे, हादरा. सरांनी नकळत घड्याळ काढले. वेग बरोबर होता. शिलाई मशीनपाशी ती आली, तेव्हा तिने इस्त्रीच्या टेबलावर एक हलकी थाप मारली.

सर तिथून निघाले ते कोणाला न दिसता. वर येऊन खुर्चीत बसले.

"काय ठरलं?" बायकोने विचारले. "कोण निघालं चोर?"

"आपली खिडकी."

"खिडकीला नाव ठेवू नका. ती काही बोलत नव्हती."

 एक शंका अजून शिल्लक होती आणि ती स्वतःबद्दलची होती. घराबाहेर हे कोणाला ठाऊक नाही. पट्टी जागेवर आहे, किल्ली गणितवाल्यांनी हरवली आहे, मुलीच्या रेडिओवर कोणी विश्वास ठेवत नाही. शुक्रवारी आपण नुसते गप्प बसलो तर एकोणीस वर्षे शाबूत राहतात. आपण तसे करू का? इतकी वर्षे दुसऱ्यांवर नजर ठेवलेल्या माणसाने स्वतःकडे वळून पाहिले, आणि त्याला खात्री वाटेना.

म्हणून त्यांनी तेव्हाच कागद घेतला. मजकूर परीक्षेपूर्वी फुटला, हे खरे. फुटण्याचे ठिकाण, निम्नस्वाक्षरीकर्त्याचे स्वयंपाकघर. विद्यार्थिनीस त्याची कल्पना नव्हती. त्याची पडताळणी स्वतः केली आहे. खाली सही करून त्यांनी तो बायकोच्या हातात दिला. "हा तुझ्याकडे ठेव. सकाळी माझ्या खिशात घाल, आणि मी निघताना खिसा तपास."

"माझ्यावर एवढा विश्वास?"

"तुझ्यावर आहे. माझ्यावर नाही."

शुक्रवारी मंडळाने कागद वाचला. मुलीचे नाव राहिले, पण तिचा पेपर पुन्हा घ्यायचा ठरला, नव्या व्याख्यानावर. आणि व्याख्यान रचण्या-वाचण्याचे काम टाचणीसरांकडून काढून गणितवाल्यांना देण्यात आले. सरांनी मान हलवली. बाहेर आल्यावर ते गणितवाल्यांना म्हणाले, "किल्लीबद्दल बोललो ते मागे घेतो."

"आणि बायकोच्या जबाबाबद्दल?"

"तेही."

"ती नाराज होईल बघा."

पुढच्या आठवड्यात फेरपरीक्षा झाली. सरांना आत प्रवेश नव्हता. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसून दारातून येणारा गणितवाल्यांचा आवाज ऐकत होते आणि घड्याळ बघत होते. पहिले वाचन साडेअकरा मिनिटे आणि वर पाच सेकंद. जेमतेम हद्दीत. हा माणूस घरी सराव करत नाही, हे उघड होते. पुन्हा संशय यावा अशी ती गोष्ट होती, पण या वेळी त्यांना तिच्यात काही वाईट दिसेना.

दार उघडले. मुलगी बाहेर आली, त्यांना पाहून थबकली, मान लववून निघून गेली. तिच्या बोटांना शाई लागली होती. मागून गणितवाले आले, हातात पांढरा कागद आणि पिवळा कागद. पिवळा दोन्ही बाजूंनी भरलेला, समासातसुद्धा लिहिलेले.

"मास्तर, हे एकत्र लावायला माझ्याकडे काही नाही. एक टाचणी देता का?"

सरांनी खिशाच्या काठावरची पहिली टाचणी काढून दिली. गणितवाल्यांनी ती कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, तिरकी, कशीतरी टोचली. सरांचा हात पुढे झाला, अर्ध्यावर थांबला, आणि त्यांनी तो परत मांडीवर ठेवला.