शनिवार कुणाकडं?

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. यातली निम्मी माणसं अजून राजारामपुरीतच आहेत, आणि कुणाचं नाव आधी आलं नि कुणाचं मागं पडलं यावरून ती भांडायला थेट माझ्या दारात येतील. गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून नुकती लागले होते, नवरा कचेरीत कारकून, आणि घरात राज्य सासूबाईंचं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आमच्या आत्यांनी दारात उभं राहून कुणाला खडसावलं, तर पलीकडच्या गल्लीतलं पोर हातातला दगड खाली टाकायचं, इतका त्यांचा आवाज.

गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. गिरणीच्या वरच्या खोलीत आफ्रिकेतून आलेला एक विद्यार्थी राहायचा, शेतकी कॉलेजात शिकणारा. उंच इतका की जिन्याच्या दारातनं वाकून बाहेर यायचा. पहिल्या वर्षी गल्लीतली पोरं त्याच्या मागनं पळायची आणि बायका तोंडाला पदर लावून बघायच्या. दुसऱ्या वर्षी तो त्याच पोरांना क्रिकेटमध्ये चेंडू टाकत होता आणि त्याच बायकांना "काय वहिनी, जेवलासा का?" म्हणून विचारत होता. मराठी तो गिरणीत शिकला, म्हणजे शिव्यांसकट शिकला.

तिसऱ्या वर्षी त्याच्या देशात सरकार उलथलं आणि तिथनं पैसे बाहेर पाठवायला बंदी आली. बापानं गुरं विकून पोराला इकडं धाडलेलं. आता बापाची इच्छा असली तरी काही येणार नव्हतं. कॉलेजनं फीसाठी थांबायचं कबूल केलं, गिरणीवाल्यानं भाड्याचं नाव काढलं नाही. पण पोटाला कोण थांबवणार? त्यानं खाणावळ सोडली. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा ज्वारी दळायला गेले, तर हा जिना उतरत होता, भिंतीला हात धरून, म्हाताऱ्या माणसासारखा. मी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाला, "बरं हाय की वहिनी." पण चेहरा खोटं बोलत नव्हता.

मी घरी येऊन आत्यांना सांगितलं. आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मग वार लावा की त्याला."

वार लावणं म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. आमच्या आधीच्या पिढीत गरीब विद्यार्थी वारावर जेवायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार सात घरांत वाटून घ्यायचे. पैसा नाही, उपकार नाही, त्या दिवशी घरात जे शिजेल त्यातलं पान त्याचं. माझ्या वेळेपर्यंत ही पद्धत जवळजवळ उठली होती. पण माझे सासरे असेच वारावर जेवून मॅट्रिक झाले होते, त्यामुळं आत्यांच्या लेखी ती कालपरवाची गोष्ट.

आत्या गिरणीत गेल्या. दळणाची रांग लागलेली. चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी विषय काढला आणि रांग संपायच्या आत वार वाटून झाले. सोमवार गिरणीवाल्यानं घेतला, मंगळवार आमचा. बुधवार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या बायकोनं. तिचं माहेर कर्नाटकच्या हद्दीवरचं, तिला सगळे अक्का म्हणायचे. गुरुवार एका रिटायर हेडमास्तरांनी. शुक्रवार दोघा शिंपी भावांनी, त्यांची घरं शेजारी शेजारी. आणि कसबा बावड्याहून रोज गल्लीत दूध घालायला येणारा एक शेतकरी होता, तो म्हणाला, "ऐतवार आमचा. मटण दुसरीकडं कुठं मिळणार हाय त्याला?" आत्यांनी बोटांवर मोजलं आणि जाहीर केलं, सात घरं झाली.

पोरगा मात्र ऐकेना. म्हणाला, "आजी, मी भिकारी न्हाय."

आत्या भडकल्या. "भिकारी दारात उभा राहतोय. वाराचा पोरगा पाटावर बसतोय. माझा नवरा वारावर जेवला, त्यो भिकारी हुता व्हय? सांग की." तो मंगळवारी मुकाट आला आणि पाटावर बसला. त्याचे गुडघे पार कानापर्यंत आले.

आत्यांनी आम्हाला एकच नियम घालून दिला होता. काल कुठं जेवलास, काय जेवलास, हे वाराच्या पोराला विचारायचं नाही. विचारलं की तो दोन घरांची चूल तोलतो, मग एकीला वाटतं माझं कमी पडलं आणि दुसरीला वाटतं माझं पुढं गेलं. "आपल्या ताटाचं बघायचं. दुसऱ्याच्या ताटात नाक न्हाय घालायचं." राजारामपुरीत दुसऱ्याच्या ताटात नाक न घालणं म्हणजे केवढा संयम, ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. पण हा नियम सगळ्यांनी पाळला.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हे नीट चाललं. म्हणजे आम्हाला तरी तसं वाटत होतं. हेडमास्तरांच्या बायकोनं पहिल्या गुरुवारी त्याचं पान बाहेर पडवीत मांडलं होतं. तिसऱ्या गुरुवारी ते स्वयंपाकघरात गेलं, कारण हेडमास्तर स्वतःच आपलं ताट उचलून पडवीत जाऊन बसायला लागले होते. बावड्यात पहिल्या रविवारी तांबडा रस्सा पिऊन त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं, आणि चौथ्या रविवारी "आज तिखट कमी हाय" अशी त्यानंच तक्रार केली. पोरगा परत भरला, अभ्यासाला बसायला लागला. माझ्या पोरीला तो गणितं शिकवायचा आणि मला बागेतल्या कढीपत्त्याला काय झालंय ते सांगायचा.

मग एका मंगळवारी जेवताना तो म्हणाला, "वहिनी, मी बहुतेक जातोय आता."

त्याच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती. परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत त्याला विचारलं होतं, तुझा खर्च कोण बघतं? घरून पैसे येत नाहीत तर इथं तुला आधार कुणाचा? शनिवारपर्यंत माणूस उभा कर, नाहीतर परत जा. शेवटचं एक वर्ष राहिलं होतं. डिग्री न घेता परत जायचं म्हणजे बापाची गुरं गेली, पोराची तीन वर्षं गेली, आणि हातात काही नाही. हे सगळं तो भाकरी मोडता मोडता सांगत होता, मान खाली घालून.

"आधार कुणाचा म्हंजे?" आत्या म्हणाल्या. "आम्ही काय मेलो व्हय?"

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. बावड्याच्या दूधवाल्यानं कॅन उतरवून टेम्पो रिकामा केला आणि आम्ही सगळे त्यात बसलो. हेडमास्तर कोट घालून पुढं, अक्का हिरव्या इरकलीत, शिंपी बंधू, गिरणीवाला धुवट सदऱ्यात, आत्या, मी आणि मधे आमचा पाहुणा, त्याच्या एकुलत्या एक टायसह. टेम्पोला दुधाचा आंबूस वास येत होता. आम्ही लग्नाला निघाल्यासारखे बोलत होतो, कारण मनातनं सगळेच घाबरलो होतो.

साहेब मध्यमवयाचे, चष्मेवाले, माणूस वाईट नव्हता पण नियमाबाहेर जाणारा नव्हता. एवढी गर्दी बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. "याच्या जेवणाखाण्याचं कोण बघतं?"

"मी," गिरणीवाला पुढं होऊन म्हणाला. आणि आमची माणसं पडली सरळ, लगेच पुढं म्हणाला, "म्हंजे सोमवारचं. मंगळवारचं मला ठाऊक न्हाय, साहेब. खोटं कशाला बोला?"

"मंगळवारचं माझ्याकडं," आत्या म्हणाल्या. "बुधवारचं हिला इचारा."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, मला आठवड्याचा माणूस पाहिजे. वाराचे काय करू?" पण तोवर वार सुरू झाले होते, थांबवणार कोण? बुधवार झाला, गुरुवार झाला. थोरला शिंपी म्हणाला शुक्रवार. साहेबांनी धाकट्याकडं बघितलं, "आणि तुमचा?" धाकटा म्हणाला, "शुक्रवारच की. आमची चूल एकच हाय." दूधवाला म्हणाला रविवार.

साहेबांनी पेन उचलून कागदावर एकेक वार मांडला. मग म्हणाले, "शनिवार राहिला."

मी आत्यांकडं बघितलं. आत्या बोटांवर मोजत होत्या, आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गिरणीत दारं मोजली होती, चुली मोजल्या नव्हत्या. शिंप्यांची दोन दारं, म्हणून दोन घरं.

"मग शनिवारी काय हवा खातोस?" साहेबांनी विद्यार्थ्याला विचारलं.

तो हसला. "शनिवारी माझा उपास असतोय, साहेब. मारुतीचा."

साहेबांना हसू आलं. शिपाई हसला. आमच्यातलेही दोघं हसले. आत्या हसल्या नाहीत. त्या त्याच्याकडं वळल्या. "उपासाला काय खातोस?"

"काय न्हाय, आजी. पाणी."

"खिचडी न्हाय? शेंगदाणं, रताळं, काय न्हाय?"

त्याला काही कळेना. आता, आमच्याकडं उपास म्हणजे एकादशी नि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वर दही, वर केळी. नुसत्या पाण्यावर मारुतीचा उपास करणारा माणूस अख्ख्या राजारामपुरीत नव्हता. आत्यांनी शेवटचं विचारलं, "आणि सोडतोस कवा?"

"ऐतवारी," तो हळू म्हणाला. "बावड्यात गेल्यावर."

दिवाळीपासून हे पोर दर शनिवारी उपाशी होतं, आणि आम्ही सहा घरं मोठ्या शहाणपणानं त्याला काही विचारत नव्हतो. मी त्याच्या अंगावरच ओरडले, "सांगायला काय झालं होतं तुला?"

"सहा वार मिळत होते, वहिनी. सातवा मागायला तोंड नव्हतं." मग माझी समजूत घालायला म्हणाला, "शनिवारी गिरणी बंद असती. पिठाचा वास येत न्हाय. सोपं जातंय."

झालं. गिरणीवाल्याच्या डोळ्याला पाणी आलं आणि त्यानं ते रागावर नेलं. "शनिवार माझा," तो म्हणाला. "माझ्या डोक्यावर राहतोय त्यो."

"सोमवार हाय की तुमच्याकडं," अक्का म्हणाल्या. "समदंच तुम्हाला पायजे व्हय?"

दूधवाला म्हणाला, रविवारी सकाळी यायचाच आहे, तर शनिवारी रात्रीच मुक्कामाला येऊ दे. हेडमास्तर म्हणाले, विद्यार्थ्यावर पहिला हक्क शिक्षकाचा. धाकटा शिंपी म्हणाला, "घोटाळा आमच्या दारामुळं झाला. मी आजच वेगळी चूल मांडतो आणि शनिवार घेतो." त्यावर थोरला त्याच्यावर उखडला, "वेगळ्या चुलीचं बायकोनं शिकवलं काय रे?" आणि त्या दोघांचं निराळंच सुरू झालं. कचेरीत आवाज चढवू नये असं मी वर्गात पोरांना शिकवते. त्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर हात आपटून सांगितलं की मोजणी आमच्या घरानं चुकवली, तेव्हा शनिवार आमचा, आणि कुणाच्या बापाला मिळणार नाही.

बाहेरच्या खोलीतले लोक दारात येऊन बघायला लागले. साहेबांनी दोनदा घंटी वाजवली, ती कुणाला ऐकूच गेली नाही. शेवटी ते उभे राहिले. "गप्प बसा सगळे. नियमात एक हमीदार लागतो. इथं तर हमीवरून मारामारी व्हायची वेळ आली." मग खुर्चीत बसून त्यांनी कागद पुढं ओढला आणि म्हणाले, "वर्षाची मुदत देतोय. सह्या करा आणि शनिवारचं भांडण बाहेर जाऊन करा."

सगळ्यांनी सह्या केल्या. आत्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी अंगठा उठवला. परत शाईत बुडवून दुसऱ्यांदा उठवला. साहेब म्हणाले, एकच लागतो, आजी. आत्या म्हणाल्या, "योक मंगळवारचा. ह्यो शनिवारचा." साहेबांनी तो तसाच राहू दिला.

मला आयुष्यात पुढं बरंच काही मिळालं, शाळेची मुख्याध्यापिका झाले, हारतुरे झाले. पण त्या कचेरीच्या पायऱ्या उतरताना छाती जशी भरून आली तशी परत कधी नाही. आमच्यासारख्या फाटक्या खिशाच्या माणसांनी एक पोरगा ठेवून घेतला होता. पुढच्या वर्षी तो चांगल्या मार्कांनी पास झाला तेव्हा गल्लीत पेढे वाटले, पण मला विचाराल तर आम्ही जिंकलो ते त्या दिवशीच.

शनिवारचा निकाल मात्र टेम्पोतही लागला नाही. तोही शनिवारच होता आणि पोरगा सकाळपासून उपाशी होता. म्हणून मग कुणीच माघार घेईना, आणि तो दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एकेक दार करत सगळीकडं जेवला. गिरणीवाल्याकडं पिठलं, अक्कांकडं होळगी म्हणजे पुरणाची पोळी, हेडमास्तरांकडं वरणभात, शिंप्यांच्या त्या एकाच चुलीवरचा झुणका. दूधवाल्याच्या बायकोनं बावड्याहून रस्सा डब्यात घालून पाठवला. आमच्याकडं तो सगळ्यात शेवटी आला, टाय सोडलेला, भिंतीला टेकून बसला. आत्यांनी पान वाढलं.

"आजी, पोट फुटंल आता," तो म्हणाला.

"फुटू दे," आत्या म्हणाल्या. "आता वरीसभर हितंच हाईस की. निवांत बस. कोण हाकलतंय तुला?" आणि त्यांनी त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकली.