मावशीच्या जोडसुऱ्या

माझ्या बायकोच्या मावशीइतकी शांत बाई पेणपासून रोह्यापर्यंत दुसरी सापडायची नाही, आणि तिच्याइतके मुडदे पाडलेली बाईही सापडायची नाही. अंगणात मुंग्यांची रांग दिसली तर ती वळसा घालून जाते. मांजर पाटावर झोपलेलं असेल तर त्याला न उठवता स्वतः जमिनीवर बसून जेवते. पण दुपारची भांडी आवरून, हात पदराला पुसून तिनं एकदा फोन उघडला, की देशभरातले तरणेबांड गडी तिच्यासमोर एकामागून एक आडवे होतात. त्यांच्या हातात गदा असतात, परशू असतात, पुरुषभर लांबीच्या तलवारी असतात. मावशीच्या हातात दोन सुऱ्या, त्याही कांदा चिरायला काढाव्यात एवढ्या. फोनवरच्या या द्वंद्वाच्या खेळात हत्यारांचा नुसता ढीग आहे, पण जोडसुऱ्या सहसा कुणी घेत नाही, कारण गदेचा एक घाव अर्धा जीव घेतो आणि सुरीचा घाव समोरच्याला डास चावल्याइतका लागतो. मावशीनं पहिल्यापासून त्याच घेतल्या आणि कधी बदलल्या नाहीत.

मावशीचं घर हमरापूरला. घराला लागूनच गणपतीचा कारखाना. दीर, जावा, पुतणे, सुना सगळी त्यात रंगानं माखलेली. साचे काढायचे, घासकाम करायचं, अंगाचा रंग मारायचा, पितांबर, सोनेरी काम, ही कामं ज्याला जमेल तो करतो. डोळे मात्र मावशीचे. सासऱ्यांनी तिला ती आखणी शिकवली आणि सोबत एक नियमही घालून दिला, की मूर्ती चौरंगावर ठेवायची, आपण खाली मांडी घालून बसायचं, आणि घरचा माणूस जिथून हात जोडणार तिथूनच देवाचे डोळे उघडायचे. त्यामुळे मावशीच्या हातचा गणपती घरात आला की समोर बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, हा माझ्याचकडे बघतोय. आमच्या घरचा तर माझ्याकडे जरा संशयानंच बघतो, असं मी एकदा तिला म्हणालो. ती म्हणाली, तुमचा फोटो बघून काढला जावय.

विसर्जन झालं की कारखाना ओस पडतो आणि मावशीच्या हातांना काही सुचत नाही. एका वर्षी ती रिकाम्या साच्यांकडे बघत बसलेली पाहून तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या मेहुण्यानं, तिच्या फोनमध्ये हा खेळ टाकून दिला. तो स्वतः गदेवाला. त्यानं आईच्या हातीही गदाच दिली. मावशीनं ती एकदा फिरवून बघितली आणि म्हणाली, "हिला उचलण्यातच येळ जातो, मारायचं कवा?" मग तिनं यादीत खाली खाली जात सुऱ्या शोधल्या. पहिले काही दिवस ती रोज मरायची आणि मेल्यावर मुलाला शांतपणे विचारायची की मी नेमकी कशानं मेले. दिवाळी यायच्या आत तिनं मुलालाच पाडलं. तो हरल्याचं दुःख विसरून कारखानाभर सांगत सुटला, आयेनं मला मारलं.

तिची पद्धत ऐकायला सोपी आहे. पहिला वार कधी करायचा नाही. समोरच्याच्या इतक्या जवळ राहायचं की त्याला हात मारावासा वाटलाच पाहिजे. तो मारतो, आपण एक पाऊल बाजूला. जड हत्यार हवेत फिरलं की ते परत वर घ्यायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपला. त्यात दोन वार करायचे आणि मागे यायचं. तिसरा करायचा नाही. "तिसरा हावरेपनाचा," मावशी सांगते, "त्यातच मानूस मरतो." मी रोह्यात शाळेत गणित शिकवतो, मला हे सगळं तोंडपाठ आहे, आणि तरी मी तिसरा वार करतो आणि मरतो. मावशी फोन माझ्या हातातून काढून घेते.

खेळातली ही शिस्त तिच्या संसारातही शिरली. खांब गावी एका हळदीत तिच्या थोरल्या जावेनं, मानाची साडी हलकी आली म्हणून, चारचौघींत तोंड सोडलं. या जाऊबाईंचा आवाज मांडवातल्या स्पीकरच्याही वरताण ऐकू यायचा. आम्ही सगळे मावशीकडे बघतोय, तर ही शांतपणे तिच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि मान हलवत ऐकत राहिली. जाऊबाईंनी माहेर काढलं, सासर काढलं, मेलेल्या सासूबाईंना साक्षीला बोलावलं, आणि अखेर त्यांना धाप लागली. तेव्हा मावशी म्हणाली, "बरोबर हाय तुजं. पानी पी गो." आणि निघून आली. जाऊबाई पाण्याचा तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. परत येताना मी विचारलं, मावशी, एवढंच? ती म्हणाली, दोन झाले की.

अशा या बाईचा तिच्या आयुष्यात एकदाच तोल गेला, आणि तो नेमका पोटच्या पोरावर. त्या वर्षी काम अंगावर आलं होतं. मोठी ऑर्डर निघायची होती आणि मावशी तापानं पडली होती, म्हणून डोळे मुलानं आखायला घेतले. हात त्याचाही चांगला होता, आईचाच होता. पण घाई झाली. मूर्ती चौरंगावर घेत बसायला नको म्हणून त्यानं त्या जमिनीवरच ओळीनं मांडल्या आणि उभ्यानं वाकून डोळे काढत गेला. वरून बघताना सगळे गणपती त्याच्याकडे छान बघत होते. संध्याकाळी मावशी घोंगडी गुंडाळून कारखान्यात आली, खाली बसली, आणि तिला दिसलं की एकूण एक गणपती आढ्याकडे बघतायत. कौलं गळतायत की काय ते तपासतायत असे. पुतण्यांना हसू आवरेना. मावशी हसली नाही. तिनं पांढऱ्या रंगाचा डबा ओढला आणि सगळ्या कामगारांच्या समोर, मुलाच्या समोर, एकेक डोळा बुजवत गेली. तो भिंतीला टेकून बघत राहिला. आठवड्याभरात त्यानं रोह्याला एका कंपनीत नोकरी धरली आणि खोली घेतली. त्यानंतर मायलेकांचं बोलणं बंद झालं.

मावशी मला एकदाच त्याबद्दल बोलली, तेही भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता. "डोले पुसायचेच व्हते. सगल्यांदेखत नव्हते पुसायचे." मी म्हटलं, मग त्याला तसं सांग. पण जिनं आयुष्यभर पहिला वार केला नाही, तिला पहिला शब्द कुठून टाकता यावा? आणि तो तिचाच मुलगा.

काही महिन्यांनी मात्र एक गंमत झाली. मावशीच्या खेळात एका अनोळखी नावाच्या गदेवाल्याचं आव्हान आलं. तिनं घेतलं. मारण्याआधी तो गडी, पोराची जुनी खोड होती तसा, एक पाऊल मागे सरकला आणि मावशीनं ओळखलं, हा माझा. तिनं त्याला सवयीप्रमाणे पाडलं. दुसऱ्या दिवशी आव्हान पुन्हा आलं. मग ते रोजचंच झालं. या खेळात लढाईच्या आधी एकमेकांना वाकून नमस्कार करायची सोय आहे आणि मनात असेल तर मजकूर लिहायचीही आहे. मायलेकांनी मजकूर कधी लिहिला नाही. रोज वाकून नमस्कार करायचा आणि मारामारी सुरू करायची, एवढंच. आव्हानाच्या वेळेवरून मावशीला त्याची शिफ्ट कळायची. चार वाजता आला तर फर्स्ट, सकाळी आला तर सेकंड, आणि नाइट असली की तो दुपारी उशिरा उठून यायचा आणि जांभया देत असल्यासारखा खेळायचा. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणीच ते ठाऊक असल्याचं दाखवत नव्हतं.

माझी नेमणूक निरोप्या म्हणून झाली. मी रोह्याचा, सासुरवाड हमरापूरची, त्यामुळे वालाच्या शेंगा, तांदळाचं पीठ आणि निरोप माझ्याच पिशवीतून जायचे. निरोप खेळाचेच असायचे, पण मला ते तसे कधी वाटले नाहीत. त्याला सांगा, जेवून खेळत जा, उपाशी असला की घाई करतो. त्याला सांगा, उडी मारायची काय गरज हाय, कंबर धरेल. एकदा तर मावशीचा सकाळीच फोन आला, की काल त्याची गदा जड झालेली, बघून या. मी गेलो तर मेहुणा तापानं फणफणलेला. मी त्याला म्हटलं, तुझ्या आईला कळलं. तो पांघरूण डोक्यावर घेत म्हणाला, तिला सगळं कळतं, भावोजी, तोच तर वांधा हाय.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मेहुणा जिंकायला लागला. आधी एखाद्या दिवशी, मग दिवसाआड, मग रोज. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी का होईना, पोरानं आईला गाठलं. पेढ्यांच्या आशेनं मी त्याच्या खोलीवर गेलो, तर हा तोंड पाडून बसलेला. म्हणाला, "मी जिंकत नाय भावोजी. आय हरतेय." मला फरक कळेना. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. उजवीकडून गदा मारली तर ती अजून पहिल्यासारखी निसटते. डावीकडून मारली तर नुसती उभी राहते, सुऱ्या हातात घेऊन, जशी काही गदा आलीच नाही. त्यानं मुद्दाम काही दिवस फक्त डावीकडून मारून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी लागली होती. कालच्या लढाईत त्यानं तिला मारलं नव्हतं, उजवीकडून एकदा नुसती हवेत फिरवून गदा खाली करून उभा राहिला होता, आणि मावशीनं त्याला दोन वार करून सोडून दिलं होतं.

"तिला डाव्या डोल्यानं दिसत नाय, फोन नाकाला लावून खेलते, डावी बाजू त्याच डोल्याची," तो म्हणाला. मी म्हटलं, मी विचारून बघतो. तर म्हणाला, काय उपयोग, सीझन तोंडावर हाय, ती मरेपर्यंत कबूल करायची नाय. गदा मारून मारून आईचा डोळा शोधून काढावा लागला, याचं त्याला फार लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली आणि मला मोटरसायकलवर मागे बसवलं. निडी, नागोठणं, पेण मागे टाकत त्यानं गाडी थेट हमरापूरला आणली.

आम्ही कारखान्यात शिरलो तेव्हा मावशी खाली मांडी घालून बसली होती, चौरंगावर गणपती, हातात बारीक ब्रश. मेहुणा तिच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिला. अगदी दोन हातांवर. रंगकाम करणाऱ्या बायकांचे हात थांबले, पुतण्यानं रेडिओ बंद केला, आणि मावशीला पत्ताच नाही. ती आपली भुवई ओढतेय. मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले होते. मग तो मागून वळसा घालून उजवीकडे आला. मावशीचा हात जागच्या जागी थांबला. ब्रश तसाच धरून ती म्हणाली, "उजेड सोड."

तो बाजूला होऊन तिच्यासमोर बसला. आई, डोळा दाखवायला चल, म्हणाला. मावशीनं सुरुवात केली. कोण म्हणतं माझ्या डोळ्याला काही झालंय. झालं असलं तरी गणपती झाल्यावर बघू. पेणला डॉक्टरकडे रांगा असतात. पाऊस कधीही लागेल. इथं डोळे कोण काढील, तू? पूर्वीचा मेहुणा असता तर पहिल्याच वाक्याला उठून ओरडला असता आणि मावशीनं त्याला सहज टोलवलं असतं. हा बसून राहिला. मान हलवत ऐकत राहिला. मावशीकडची कारणं हळूहळू संपत आली, एकच कारण दोनदा आलं, आणि ती गप्प झाली. तेव्हा तो म्हणाला, "तू चल. डोला बरा होईतवर मी आखतो. चुकलं तर पूस. सगल्यांदेखत पूस."

मावशीनं ब्रश पाण्यात बुचकळून नीट पुसला, त्याच्या हातात दिला, आणि चपला शोधायला उठली. चपला तिच्या डाव्या पायाशीच होत्या. त्यानं त्या पुढे सरकवल्या.

मोतीबिंदू निघाला, पिकत आलेला. ऑपरेशन होऊन मावशी काळा चष्मा लावून घरी आली, आणि दुसऱ्याच दिवशी खुर्ची टाकून कारखान्यात बसली. मेहुणा साप्ताहिक सुट्टीला आणि जमेल त्या शिफ्टनंतर येऊन खाली मांडी घालून डोळे आखत होता. ती प्रत्येक मूर्ती समोर आणवायची, खुर्चीवरून उतरून खाली बसायची, आणि बघायची. पांढरा डबा तिनं जवळच ठेवला होता, पण उघडला नाही. एकाच गणपतीपाशी जरा थबकली. म्हणाली, ह्यो थोडा रागावल्यागत दिसतो, पन र्‍हाऊ दे, काही घरांत असाच लागतो.

आता मायलेकांचं बोलणं व्यवस्थित सुरू आहे. रोज फोन असतो, त्यात जेवलास का, भाजी काय केली, कुणाच्या बारशाला जायचं, हे सगळं असतं. माझी निरोप्याची नोकरी सुटली, पिशवीत आता नुसत्या शेंगा असतात. मागच्या दिवाळीत मी मुद्दाम दोघांना समोरासमोर बसवून म्हटलं, होऊन जाऊ दे एक लढाई, डोळाही नवा आहे. दोघांनी फोन काढले, वाकून नमस्कार केले. मेहुण्यानं या वेळी सुऱ्याच घेतल्या होत्या. मग दोघंही एकमेकांभोवती गोल गोल फिरत राहिले, जवळ आले, लांब गेले, पुन्हा जवळ आले. पहिला वार कुणीच करेना. वेळ संपला आणि बरोबरी झाली. मेहुणा हसत चहा सांगायला आत गेला. मावशी पडद्यावरच्या त्या दोन उभ्या बाहुल्यांकडे बराच वेळ बघत होती.

"आता मजा नाय र्‍हायली जावय," ती म्हणाली. "पोरगा शाना झाला."

तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि त्या समाधानाखाली कुठंतरी, रोज चार वाजता गदा उचलून धावत येणाऱ्या त्या अडाणी पोराची आठवणही होती.