बॉनेटवरचे अकरा डबे

आमच्या गावाच्या सकाळच्या गाडीचे ड्रायव्हर मामा हे जगातले एकमेव ड्रायव्हर असावेत, ज्यांनी भरलेली बस थांबवून कालवणाची झडती घेतली. जग मी फारसं पाहिलेलं नाही, पाटोदा आणि बीड एवढंच. तरी हे विधान मी मागे घेणार नाही.

आमच्या गावची अकरा पोरंपोरी बीडला खोल्या करून शिकतात. आया पहाटे उठून स्वयंपाक करतात, डबे सकाळच्या गाडीत ठेवतात आणि दहाच्या सुमारास आम्ही ते स्टँडवर उतरवून घेतो. दिवसभराचं जेवण तेच. डब्यांची जागा म्हणजे ड्रायव्हरशेजारचं इंजिनावरचं बॉनेट. गाडी जुनी, त्यामुळे ते तव्यासारखं तापायचं आणि डाळ बीडला पोचेपर्यंत गरम राहायची. मामा डबे स्वतः लावायचे. पातळ कालवणाचे आपल्या बाजूला, सुक्या भाजीचे पलीकडे. खड्डा आला की त्यांचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा डब्यांवर; प्रवाशांनी आपापलं बघून घ्यावं.

या सुरळीत कारभारात बिघाड झाला तो माझ्यामुळे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून सर जे शिकवतात ते कुणी विचारलं तर सांगावंसं वाटतं. एका सोमवारी गावाहून बीडला जाताना मी मामांच्या मागेच बसलो होतो. बॉनेटवरच्या एका प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण उष्णतेनं वाकडं झालं होतं.

"हे कावून वाकलं रे? तू रसायन शिकतूस ना, सांग," मामांनी विचारलं.

मी चाचरत सांगितलं की, प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात काही रसायनं मिसळतात. ती घट्ट बांधलेली नसतात. गरम, तेलकट, आंबट पदार्थात ती थोडी थोडी उतरतात. किती उतरली म्हणजे किती अपाय, ते मला नीट ठाऊक नव्हतं, तेही सांगितलं.

"उतरतेत ना? मंग बास," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्लॅस्टिकचे डबे घेणं बंद केलं, आणि पहिला परत गेला तो माझाच डबा. आई भडकली, हे मला नंतर कळलं. "मी माझ्या लेकराला इख घालते व्हय?"

"तुमी न्हाई वहिनी, डबा घालतुया."

त्या दिवशी मी केळी खाऊन प्रॅक्टिकल केलं. मामांनी मात्र तेव्हापासून चहाचा प्लॅस्टिकचा कप सोडला आणि खाकी शर्टाच्या खिशात स्टीलचा ग्लास बाळगायला सुरुवात केली. छाती एकाच बाजूनं फुगलेली दिसे, आणि खिशातली चिल्लर ग्लासात पडून सलाम ठोकतानाही वाजे.

हळूहळू सगळ्यांचे डबे स्टीलचे झाले. पण आमच्याकडचे स्टीलचे डबे पातळ कालवणाला गळतात. आयांनी त्यावर उपाय काढला: उकळती डाळ पन्नीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतायची, गाठ मारायची आणि ती पन्नी स्टीलच्या डब्यात ठेवायची. वरून सगळं कायदेशीर! मामांना याचा सुगावा लागला आणि पुढच्या सोमवारी मी माझ्या डोळ्यांनी झडती पाहिली. गाडी फाट्यावर उभी, मामा एकेक झाकण उघडताहेत, मागून ओरडा चाललाय.

"मामा, कोर्टात तारीख हाय माझी!"

"तारीख पुन्ना भेटंल. पोरांचं पोट भेटंल का?"

काढलेल्या पन्न्या ते खिडकीतून फेकत नसत. घडी करून सीटखाली ठेवत. "रानात टाकली की पान्यात जाती, आन् पान्यातनं परत तुमच्याच डब्यात," म्हणत.

गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या घरच्या काकूंचा डबा मात्र महागातला, रंगीत प्लॅस्टिकचा. "आमचा लई भारी हाय, शहरातनं आणलाय," त्या म्हणाल्या.

"भारी असंल काकू, पन बॉनेट किंमत इचारीत न्हाई."

सगळी गाडी हसली आणि काकूंच्या घरून तक्रार गेली. आठवड्यानं आगारातले साहेब फाट्यावर आले. ते काही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मामा, गाडीला रोज उशीर होतोय. डबे न्या, पण झडती बंद करा. नाहीतर दुसरी गाडी घ्या."

मामांनी फक्त 'बरं साहेब' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मनात तेच पुटपुटत होतो. मामांनी बॉनेटवरच्या डब्यांकडे पाहिलं. "न बघता कसं न्यावं, साहेब? बघनारच."

पुढच्या सोमवारपासून त्यांना धर्मापुरीची गाडी मिळाली.

त्या रविवारी कुणीच गावी गेलं नव्हतं, त्यामुळे सोमवारी आम्ही अकराही जण बीडच्या स्टँडवर वेळेआधी उभे होतो. नवे ड्रायव्हर तरुण, घाईत. त्यांनी एकही झाकण उघडलेलं नव्हतं. आता गावात कोण कशाला त्रास घेईल, असं मला वाटत होतं. मी आईचा डबा उचलला आणि हात पिवळा झाला. डाळ गळली होती. शेजारच्या मुलीचाही डबा गळला होता. सगळेच गळले होते. पन्नी एकातही नव्हती. काकूंचा डबासुद्धा स्टीलचा, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं घट्ट बांधलेला, आणि तरीही गळलेला.

समोरच्या फलाटावरून धर्मापुरीची गाडी मागे येत होती. मी धावलो, ओरडलो, तो पिवळा हात उंच करून हलवला. मामांचं लक्ष आरशाकडे होतं. गाडी वळली, फाटकाबाहेर गेली. तेलाचा ओघळ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आला, तरी मी हात वरच धरून होतो.