हेल्गा गेली, मग हेल्गा योहान कुठी हाय?

पाहुणे जातात, किस्से राहतात. माझ्या घरी पाहुण्यांच्या तीन खोल्या आहेत. किश्श्यांसाठी चौथी बांधली तरी पुरणार नाही. पाहुणा निदान मुदत संपली की बॅग भरतो. किस्सा एकदा घरात शिरला की हलत नाही!

चंद्रपूरहून तासाभरावर, वाघाच्या जंगलाच्या गेटाजवळ माझा होमस्टे आहे. नियम असा, की परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्यायची. नाव, पासपोर्ट नंबर, व्हिसा कधी संपतो, सगळं. कोण आलं, कोण मुदत उलटूनही दडून बसलं, हे सरकारला कळायला हवं. बरोबरच आहे. माझ्या घरात कोण झोपलंय हे मलाही कळायला हवं असतं.

हा फॉर्म मी स्वतः भरते. शाळा चौथीपर्यंत झाली. इंग्रजी शिकले साठीनंतर, पाहुण्यांच्या पासपोर्टवरची अक्षरं लावून लावून. गावच्या मास्तरांनी एकदा खवचटपणे विचारलं, "बाई, इंग्रजी कोन शिकवली तुमाले?"

म्हटलं, "अठरा देशांनी! तुमाले कोन?"

पण याच फॉर्मापायी माझी हेल्गा मला कायमची तुटणार होती. ते सांगतेच. आधी टाकीचं ऐका.

*

सुरुवातीला आमच्या गावात नेटवर्क एकाच ठिकाणी मिळायचं, पाण्याच्या टाकीवर. एका सकाळी एका फ्रेंच पाहुण्याचा फॉर्म जाता जाईना आणि मुदतीला उरले दोन तास. मी पदर खोचला, मोबाइल कमरेला लावला आणि शिडी चढले. फोटो पुन्हा काढावा लागला तर, म्हणून तो पाहुणाही मागोमाग चढला.

खाली गाव जमलं. सरपंच धापा टाकत आले. "बाई, खाली या! मागनी काय हाय ते तं सांगा!"

मी वरून ओरडले, "चोवीस तास होऊन राह्यले!"

दुसऱ्या दिवशी सहा महिने फुटलेली पाइपलाइन दुरुस्त झाली. सरपंच म्हणाले, "चोवीस तास नाई जमणार बाई, पन सकाळ-संध्याकाळ पानी नक्की देतो. त्या गोऱ्या साहेबाले टाकीवर नका चढवू!"

*

आता हेल्गा. जर्मनीची, सत्तरीची, लग्न न केलेली. एकवीस दिवस राहिली आणि एकदाही सफारीला गेली नाही. माझ्या अंगणातल्या मोहाखाली बसून पाखरांची चित्रं काढायची. मला जर्मन येत नाही, तिला मराठी नाही. तरी आमचं भांडण रोज व्हायचं. चहात साखर किती, यावरून!

तिचा फॉर्म भरताना मी पाहिलं, नाव नुसतं 'हेल्गा श्मिट'. मधे बापाचं नावच नाही! पोरीला बापाचं नाव नाही असं कुठं असतं का? मी विचारलं, "फादर? फादर?" ती म्हणाली, "योहान." मी लिहिलं, हेल्गा योहान श्मिट. शेजारच्या शेवंताला दाखवलंही, "पाहा, आता कसं पूर्ण वाटते!"

एकविसाव्या दिवशी ती वेळेत गेली. पाहुणा गेल्याची नोंद तेव्हा कोणी मागत नव्हतं, आता मागतात.

आठ महिन्यांनी गेडाम हवालदार दारात. "बाई, विमानतळावरून हेल्गा श्मिट गेली. हेल्गा योहान श्मिट कुठी हाय?"

"तीच ती!"

"यादीत दोन हायेत. एक गेली. दुसरीचा व्हिसा संपून सात महिने झाले."

"पासपोर्टचा नंबर पाहा ना, एकच हाय!"

गेडाम गंभीर झाला. "नंबर एक अन् नावं दोन? हे तं आनखी वाईट हाय, बाई."

*

त्यानं खोल्या पाहिल्या. पलंगाखाली वाकला. धान्याच्या कोठीचं झाकण उचललं. मी म्हटलं, "भाऊ, सहा फूट बाई हाय ते. कोठीत पाय तरी बाहेर दिसतीन ना!"

तो ओशाळला. जेवून गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला, पुन्हा कोठी, पुन्हा जेवण. तिसऱ्या वेळी शेवंता म्हणाली, "गेडामभाऊ, हेल्गा सापडली तं तुमचं जेवन बंद होईन. जरा सावकाश शोधा!"

हसलो आम्ही. पण त्याच आठवड्यात हेल्गाचा निरोप आला. दर वर्षी यायचं ठरवून गेलेली बाई, नवा व्हिसा मागितला तर अडकला. मागच्या वेळी मुदत उलटून राहिलात, असं लेखी उत्तर. तिनं फोनवर विचारलं, "आय डिड समथिंग राँग?"

राँग मी केलं होतं! माझ्या हातचं. त्या दिवशी मला भाकर गेली नाही.

*

तेव्हापासून मी प्रत्येक पाहुण्याची व्हिसाची तारीख कॅलेंडरवर लिहायला लागले. गॅस सिलेंडर आणि गाय विण्याच्या तारखेशेजारी. एका इंग्रज पाहुण्याला पाच सफाऱ्या करून वाघ दिसला नव्हता. "वन मोअर डे," म्हणत हात जोडायला लागला. मी म्हटलं, "नो डे! वाघ काय, वाघाचा आजा आला तरी उद्या तू निघणार!"

पहाटे ऑटोत बसवून हाकललं. दहाव्या मिनिटाला फोन. वाघ रस्त्यावर बसलेला, ऑटोच्या पुढे! ऑटोवाला हँडलखाली आणि इंग्रज आनंदानं रडतोय. म्हणाला, "मॅडम, थँक युवर गव्हर्नमेंट!"

*

शेवंतानं तर धसकाच घेतला. तीही एक खोली पाहुण्यांना देते. तिच्याकडे एक गोरा, घाऱ्या डोळ्यांचा माणूस उतरला. पासपोर्ट मागितला तर नाही म्हणे. तिनं गुपचूप गेडामला बोलावलं. गेडामनं आधार कार्ड पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "शेवंताबाई, पुण्याचे हायेत हे!"

"मराठीत बोलला तवाच मले शंका आली," शेवंता म्हणाली. "जेवायले वाढलं तं म्हणते, 'आपण कशाला तसदी घेतलीत?' आपल्या देशात कोनी असं बोलते का?"

*

शेवटी मी गेडामला घेऊन जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. हातात मीच लिहिलेला अर्ज. साहेब तरुण, सभ्य आणि नियमाचे पक्के. म्हणाले, "त्या बाई भारतात नाहीत, याचा पुरावा?"

मी तिथंच हेल्गाला व्हिडिओ कॉल लावला. बिचारी मोबाइल घेऊन दारात आली. चहूकडे गुडघाभर बर्फ.

साहेबांनी नीट पाहिलं. म्हणाले, "बर्फ मनालीतही असतो."

माझं डोकं सटकलं. "साहेब, चूक माझी हाय. बापाचं नाव मी घातलं. बिनबापाची पोरगी कागदावर लिहायले माझा हात धजला नाई. दंड करायचा तं मले करा, होमस्टे बंद करा, पन त्या बाईले येऊ द्या. ते सत्तरीची, मी पंच्याहत्तरीची. आमच्यापाशी वाट पाह्यची मुदत नाई!"

फोनमधून हेल्गा म्हणाली, "शुगर! टू मच शुगर!" मी रागावले की कारण साखरच असणार, असं तिला वाटलं.

साहेब हसले. पासपोर्टची प्रत, तिकीट, विमानतळाची नोंद मागवून जुळवली. मग कॉम्प्युटर पुढे ओढला. "हेल्गा योहान यांची गेल्याची नोंद करू, म्हणजे विषय संपेल. 'येथून कुठे गेल्या' हा रकाना भरावा लागतो. काय लिहू?"

"सासरी," मी म्हटलं.

"अहो, त्यांचं लग्न झालेलं नाही ना?"

"नसू द्या. सासरी गेलेल्या पोरीले माहेरी यायले कोनी अडवत नाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, गेडामकडे पाहिलं. मग इंग्रजीत एकेक अक्षर करत 'सासरी' टाइप केलं आणि बटण दाबलं. कॉम्प्युटरनं घेतलं!

हेल्गाला व्हिसा मिळाला. मोह फुलायच्या आत येते आहे. अर्जाची प्रत माझ्याकडे आहे, कोणीही येऊन पाहावी. खाली गोल शिक्का, सही, आणि साहेबांच्या हातचा लाल शाईतला शेरा:

'सदर विदेशी महिला सासरहून माहेरी परत आल्यास चोवीस तासांच्या आत कळविणे.'