तिगाव रस्त्यावर बिनआवाजाचे बूट

मंडळी, आज सकाळी पातळ तळाचे नवे बूट घालून पहिल्यांदाच तिगाव रस्त्यावर धावलो. या बुटांत टाच न आपटता पंजावर उतरायचं असतं. त्यामुळे पावलांचा आवाजच होत नाही, आणि याचाच मला आनंद होता.

रोज माझे जाड बूट धपधप वाजतात. वळणावरची कुत्री तो आवाज ओळखते, नुसती मान वर करते. आज मी न वाजता थेट तिच्या पिलांवर जाऊन पोहोचलो. तिने पोटरीत दात रुतवले आणि सोडेचना. बूट रक्ताने भरला.

बाजूच्या संत्र्याच्या बागेतून गुणवंताभाऊ धावत आले. हात पांढुर्ण्याचा, तिथल्या गोटमार जत्रेच्या दगडफेकीत तयार झालेला. पहिलाच गोटा तिच्या मागच्या पायावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती किंचाळली, माझी पोटरी सुटली, पण ती पिलांपुढून हलली नाही.

भाऊंनी दुसरा गोटा उचलला. "सरका सर, डोस्कंच फोडतो इचं!"

मी मध्ये उभा राहिलो. "भाऊ, चूक माझी आहे. मी चोरासारखा आलो."

"रक्त गळून राहिलं अन् तिची वकिली करून राहिले!" त्यांनी गोटा खाली टाकून दिला. "पायात पापड घालून फिरा अजून!"

दवाखान्यात सुई घेतली. संध्याकाळी जुने जाड बूट घालून, लंगडत, तिच्यासाठी दूध नेलं. ओळखीचा आवाज ऐकूनही ती दात काढून पिलांपुढे उभी राहिली, तीन पायांवर.

पातळ बुटांत धावणाऱ्यांनो, वाटेत झोपलेल्यांना तुम्ही आपली चाहूल कशी देता?